टिकलीची शाळा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहितो. शब्दांशी आपली जुनी ओळख आहे, असं मी पन्नाशी उलटेपर्यंत समजत होतो. कविसंमेलनात चार माणसं 'वा' म्हणायची, त्यामुळे आपल्याला बोलता येतं याबद्दल शंका घ्यायचं काही कारण नव्हतं. घरात मात्र माझ्या बोलण्याला दोन जीव बिचकत होते. एक माझी बायको आणि दुसरी आमची कुत्री, टिकली. बायको बिचकते हे माझ्या ध्यानात यायला सव्वीस वर्षं लागली, आणि तेही कुत्रीमुळे आलं. आज तीच हकीकत सांगणार आहे.

आधी एक खुलासा. हे भाषण मी घरी वाचून दाखवलं, तेव्हा बायको म्हणाली, "लोक तुम्हाला जोड्यानं मारतील. बायकोला कुत्रीच्या पंक्तीला बसवलंत म्हणतील." मी म्हटलं, "मग नको सांगू?" ती म्हणाली, "सांगा. पण शाळेत विद्यार्थी कोण होतं, ते नीट सांगा." तर विद्यार्थी मी होतो. त्या दोघी शिकवत होत्या.

आम्ही बेटेगावला राहतो. बोईसर स्टेशनच्या पूर्वेला, चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. एके काळी इथं भातखाचरं आणि ताडाची झाडं होती. आता उंच इमारती उभ्या राहिल्यात आणि रात्रंदिवस ट्रक धावतात. आमचं घर मात्र अजून जुनं, बैठं आहे. पुढं पत्र्याची पडवी, मागं एक विहीर. मी तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं स्टोअरकीपर होतो. २०२१ साली तो कारखाना बंद पडला आणि मी घरी बसलो. मुलगी लग्न होऊन गेलेली, मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी. घरात आम्ही दोघंच. बायको शिवणकाम करते. तिच्या मशीनवर घर चालू लागलं, आणि ते माझ्या मनाला लागलं होतं. तसं मी कबूल करत नव्हतो. भाजीत मीठ जास्त झालं, वर्तमानपत्र नीट घडी करून ठेवलं नाही, पंखा चालू राहिला, असं काहीतरी काढून मी बोलत राहायचो. ती गप्प राहायची. पुढं पुढं आम्ही कामापुरतंच बोलू लागलो.

२०२२ च्या जुलैत, मुसळधार पावसात, एक पिल्लू पडवीत येऊन बसलं. काळं अंग आणि कपाळावर बरोबर मध्ये पांढरा ठिपका. बायकोनं दूध दिलं. मी म्हटलं, "हाकल त्याला. मुसलमानाच्या घरात कुत्रं?" खरं सांगायचं तर मी शुक्रवारच्या नमाजपुरता धार्मिक आणि ती पाचही वेळची नमाजी. तरी धर्म मी काढला, कारण हाकलायला तेवढंच कारण हाताशी होतं.

तिनं वाद घातला नाही. बोईसरला जाऊन मौलवीसाहेबांना विचारून आली. आम्ही कोकणी मुसलमान, शाफई पंथाचे. कुत्र्याच्या लाळेबद्दल आमच्यात नियम कडक आहे. लाळ लागलेलं भांडं सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीनं. पण राखणीसाठी, गुरांसाठी, शिकारीसाठी कुत्रं ठेवायला मुभा आहे. कुराणातल्या सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेल्या तरुणांची कथा आहे. त्यांचं कुत्रं गुहेच्या तोंडाशी पुढचे पाय पसरून बसलेलं आहे. आणि तहानेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून, आपल्या चामडी मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाला अल्लानं माफ केलं, अशी हदीस आहे. बायकोनं पिल्लाची जागा पडवीत केली, त्याचं भांडं वेगळं ठेवलं, नमाजची खोली आतली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं, आमचे नामदेव तर पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तूप घेऊन धावले होते." अशा दोन्ही बाजूंच्या शिफारशी मिळाल्यावर मी काय बोलणार? नातवानं नाव ठेवलं टिकली. आमच्या घरात कुणी कधी टिकली लावली नव्हती. ती अशी आली.

टिकलीला वळण लावायचं काम मी अंगावर घेतलं. रिकामा होतोच. पद्धत मला ठाऊक होती तीच. चप्पल कुरतडली की वर्तमानपत्राच्या गुंडाळीचा फटका, पडवीत घाण केली की मान धरून दरडावणं, पळाली की "इकडे ये" म्हणून ओरडणं आणि आली की आणखी ओरडणं. महिन्याभरात तिला वळण असं लागलं की मी फाटकातून आत आलो, की ती जमिनीला चिकटून बसायची आणि तिथंच लघवी करायची. मग त्यासाठी मी पुन्हा ओरडायचो.

रेबीजच्या इंजेक्शनसाठी तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी तक्रारींची यादीच वाचली. चावते, पळते, बोलावलं तर येत नाही, मला बघून मुतते. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "काका, काय करायचं नाही हे तुम्ही तिला दिवसातून पन्नास वेळा सांगता. काय करायचं, हे कधी सांगितलंत?"

मला उत्तर सुचलं नाही.

त्या पुढं म्हणाल्या, "ती तुमच्याकडे आली की मार बसतो. मग ती का येईल? 'ये' या शब्दाचा अर्थ तुम्हीच तिला 'मार' असा शिकवलाय. आणि ती मुतते ती खोडसाळपणानं नाही. 'मी लहान आहे, मला मारू नका' असं ती तुम्हाला सांगते. तुम्ही त्यावरही ओरडता."

त्यांनी मला काही गोष्टी सांगितल्या. कुत्रं पाळणाऱ्या कुणालाही उपयोगी पडतील, म्हणून सांगतो. चुकीची वाट बघू नका, ती काही बरोबर करते का याची वाट बघा. बरोबर केलं की एका-दोन सेकंदांत शाबासकी द्या. उशीर झाला तर ती कशाबद्दल होती हे तिला कळत नाही. शाबासकी म्हणजे चपातीचा किंवा उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा. गोड बिस्किटं नकोत. बोलावून कधीही रागवायचं नाही. एका वेळी पाचच मिनिटं शिकवायचं, आणि तिला जमतंय तोवर थांबायचं. चप्पल कुरतडते तर चप्पल उचलून ठेवा आणि चावायला दुसरं काही द्या. समोर वाकून उभं राहू नका. तिच्याकडे अंग तिरकं करून खाली बसा, टक लावून पाहू नका, तिला यायचं तेव्हा येऊ द्या. आणि तिच्या अंगाकडे बघायला शिका. भूक नसताना जीभ ओठांवरून फिरवते, झोप नसताना जांभई देते, तोंड बाजूला वळवते, शेपूट पोटाशी घेते. याचा अर्थ ती बेचैन आहे. तेव्हा शिकवणं बंद करा.

शेवटी त्यांनी विचारलं, "घरात तिला खाली बसायला कोण काय म्हणतं?" मी म्हणायचो 'बस', बायको म्हणायची 'बैस', नातू आला की 'सिट'. बाई हसल्या. "तिनं कुणाचं ऐकायचं? आधी तुम्ही दोघं आपसात ठरवा."

आपसात ठरवायचं म्हणजे आपसात बोलायला हवं. त्या रात्री कित्येक महिन्यांनी आम्ही नवरा-बायको एका सतरंजीवर बसलो आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर शब्दांची यादी केली. बस. थांब. ये. सोड. प्रत्येक शब्द एकच, दोघांचा सारखा. 'नको' हा शब्द यादीत घ्यायचा की नाही, यावर चर्चा झाली. बायको म्हणाली, "तो तुम्हाला येतोच. त्याची प्रॅक्टिस नको." मला हसू आलं. तीही हसली.

दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळी पडवीत तिरका बसू लागलो. हातात चपातीचे तुकडे, तोंडानं गप्प. पहिले काही दिवस टिकली लांबूनच बघायची. नवव्या दिवशी ती आली आणि माझ्या गुडघ्याला नाक लावून उभी राहिली. नियमाप्रमाणे मी उठून पाय धुतला, पण खरं सांगतो, धुवायची घाई झाली नव्हती.

इथं थोडं माझ्या जुन्या समजुतीबद्दल सांगायला हवं. जनावराला आणि घराला 'मालक कोण' हे आधी दाखवून द्यावं लागतं, असं मी मानत होतो. माझ्या लग्नात, १९९६ साली, एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन फारसी म्हण ऐकवली होती, 'गुर्बा कुश्तन रोजे-अव्वल'. म्हणजे मांजर पहिल्याच दिवशी मारावं. गोष्ट अशी की एका नवरदेवानं लग्नाच्या पहिल्या दिवशी बायकोसमोर मांजर मारलं आणि तिला जन्मभराची जरब बसली. ऐकून सगळे हसले, मीही हसलो. आपल्याकडे अशा म्हणी कमी नाहीत. हसण्यावारी नेलेली म्हण डोक्यात कुठं जाऊन बसते, ते कळत नाही.

कुत्र्यांच्या बाबतीत या समजुतीला शास्त्राचाही आधार मिळाला होता. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकानं बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर १९४७ साली लिहिलं. पिंजऱ्यात एकत्र आणलेले ते लांडगे वर्चस्वासाठी भांडत. अमेरिकेच्या डेव्हिड मीच यांच्या १९७० सालच्या पुस्तकामुळे कळपाचा 'अल्फा', म्हणजे दादा लांडगा, ही कल्पना जगभर पसरली. लांडगा हा कुत्र्याचा भाऊबंद, म्हणून माणसानंही कुत्र्याचा दादा व्हावं, असं शिकवणारे निघाले. पुढं डेव्हिड मीच यांनी उत्तर कॅनडातल्या बर्फाळ बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले. तिथं त्यांना दादा दिसला नाही. कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं, असं साधं कुटुंब होतं. १९९९ साली त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं आणि आपलीच जुनी कल्पना मागं घेतली. स्वतःच्या गाजलेल्या पुस्तकातली चूक जाहीर सांगणारा माणूस मला फार मोठा वाटतो. मला तर भाजीतल्या मिठाबद्दलची चूक कबूल करता येत नव्हती.

२०२० साली पोर्तुगालमधल्या अभ्यासकांनी ९२ पाळीव कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. काही कुत्री खाऊ आणि शाबासकी देऊन शिकवणाऱ्या शाळांतली होती, काही हिसके देऊन, दटावून शिकवणाऱ्या शाळांतली. दटावणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये शिकताना ताणाच्या खुणा जास्त दिसल्या, आणि त्यांच्या लाळेतलं ताणाचं संप्रेरकही वाढलेलं आढळलं. आपल्या देशातही असं काम झालंय. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास केला. अनोळखी माणसानं पुन्हा पुन्हा नुसतं खायला देण्यापेक्षा मायेनं हात फिरवला, तर त्या कुत्र्यांचा त्याच्यावर जास्त विश्वास बसतो, असं त्यांना दिसलं. जिला आपण रोज 'हाड' म्हणतो, त्या जमातीची ही गोष्ट आहे.

आता माझ्या घरातली मूळ गोष्ट.

त्याच वर्षी, दिवाळीच्या सुमाराची संध्याकाळ होती. मागच्या दारी मोगऱ्याला अवेळी एक फूल आलं होतं. ते दाखवावं म्हणून मी हाक मारली, "अगं ए, इकडे ये." बायको स्वयंपाकघरातून आली आणि दाराच्या चौकटीतच थांबली. ओढणीला हात पुसले. माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. ओठ ओले केले. आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "आता काय झालं?"

टिकली माझ्या पायाशी बसली होती. मी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा बायकोकडे. चौकटीत थांबणं, नजर वळवणं, ओठांवरून जीभ फिरवणं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली सगळी लक्षणं मी तीन महिन्यांत कुत्रीत ओळखायला शिकलो होतो. सव्वीस वर्षांच्या संसारात बायकोत ती कधी पाहिली नव्हती. 'ये' या शब्दाचा अर्थ मी घरात आणखीही कुणाला शिकवला होता.

मी म्हटलं, "काही नाही. फूल आलंय." तिनं फुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं वाटत नाही का तुम्हाला?" असं विचारून ती आत गेली.

मी जुना स्टोअरकीपर. माल कुठं गेला हे कळत नसेल, तर आधी नोंद ठेवायची, ही माझी सवय. एका वहीत मी आठवडाभर नोंद केली. बायकोला किती हाका मारल्या आणि कशासाठी. एकंदर हाका एक्केचाळीस. काहीतरी मागण्यासाठी एकोणतीस. चूक दाखवण्यासाठी अकरा. नुसतं काही सांगण्यासाठी एक, ती मोगऱ्याची. कारखान्यात असा स्टॉक निघाला असता तर मला मेमो मिळाला असता.

मग मी सुधारायला निघालो, आणि पहिल्यांदा साफ फसलो. मला वाटलं, टिकलीला जमलं ते इथंही जमेल. जेवताना म्हटलं, "आज डाळ फार छान झालीय." तिनं वाढायचा हात थांबवला. "काय पाहिजे?" दुसऱ्या दिवशी मी शिवलेल्या ब्लाउजचं कौतुक केलं. ती म्हणाली, "हा ब्लाउज नाही, उशीचा अभ्रा आहे."

काय चुकलं, हे मला नंतर एका संशोधनाबद्दल वाचताना उमगलं. बुडापेस्टच्या अत्तिला आंदिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा कुत्र्यांना एमआरआय यंत्रात न हलता, शांत पडून राहायला शिकवलं. तेही मायेनंच, बांधून हे होत नाही. त्यांना शाबासकीचे शब्द आणि इतर साधे शब्द, दोन्ही प्रेमळ सुरात आणि कोरड्या सुरात ऐकवले. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की शब्द शाबासकीचा आणि सूरही शाबासकीचा असेल, तेव्हाच त्यांच्या मेंदूतला आनंदाचा भाग जागा होतो. नुसता गोड सूर पुरत नाही, आणि नुसता गोड शब्दही पुरत नाही. कुत्र्याला जर हे कळतं, तर सव्वीस वर्षं माझा सूर ऐकणाऱ्या बाईला कळणार नाही? मी डाळीकडे न बघता डाळीचं कौतुक करत होतो. शिवाय टिकलीला तुकडा दिला तो ती शिकावी म्हणून. बायकोला काय शिकायचं होतं? शिकायचं मला होतं, आणि तुकडा मी तिच्यापुढं टाकत होतो.

म्हणून मी शाबासकी देणं सोडलं आणि डॉक्टरीणबाईंची दुसरी गोष्ट धरली, अंगाकडे बघा. बघायचं, आणि बघून विचारायचं. पडवीत ती वाल सोलायला बसली की मीही शेजारी बसू लागलो. समोर नाही, शेजारी. हात कामात असले आणि डोळे डोळ्यांत नसले की बोलणं सोपं जातं, हे टिकलीशेजारी बसून कळलं होतं.

वहीही चालू ठेवली होती. आता तिनं मला मारलेल्या हाकांची नोंद. त्यात एक हाक पुन्हा पुन्हा दिसू लागली. "जरा सुई ओवून देता का?" सोमवारी एकदा. बुधवारी दोनदा. शनिवारी पाच वेळा. मी दर वेळी ओवून द्यायचो आणि वर म्हणायचो, "चष्मा बदल आता." नोंदी समोर आल्या, तेव्हा प्रथमच मनात आलं, की टिकली असं वारंवार करू लागली असती, तर मी 'का' म्हणून विचारलं असतं.

त्या रात्री विचारलं. "सुई इतक्या वेळा का ओवून मागतेस?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मी गप्प बसलो. पूर्वी बसलो नसतो. मग म्हणाली, "डाव्या डोळ्यापुढं काळं तरंगतं. दोन महिने झाले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सुई द्यायचे तेव्हा तेच सांगत होते."

तिला सहा वर्षांपासून मधुमेह. माझी नोकरी गेल्यापासून औषधाच्या गोळ्या ती एक दिवसाआड घेत होती, हेही त्याच रात्री कळलं. पैशांचा विषय काढला की मी चिडायचो, म्हणून तिनं तो काढला नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झालाय. लेसरचे उपचार झाले. उजवा डोळा वाचला. डाव्या डोळ्याची गेलेली नजर बरीचशी परत आली नाही. "थोडं आधी आला असतात तर," असं डॉक्टर म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. ते वाक्य मी रोज पुरं करतो.

श्रोतेहो, ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांना हात जोडून सांगतो, दिसण्यात काही फरक जाणवत नसला तरी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्या. त्रास जाणवू लागेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं.

अमेरिकेतल्या सिएटल शहरी जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञानं कित्येक वर्षं नवरा-बायकोंचं रोजचं बोलणं टिपून ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की जोडीदार दिवसभर एकमेकांना लहान लहान हाका घालत असतात. 'बघ, किती ढग आलेत.' 'आज फार दमले.' 'सुई ओवून देता का?' या हाकांकडे वळायचं की पाठ फिरवायची, यावर पुष्कळ काही ठरतं. त्यांनी नवविवाहित जोडप्यांची नोंद घेतली आणि सहा वर्षांनी पुन्हा पाहिलं. ज्यांचा संसार टिकला होता, ती जोडपी शंभरातल्या ८६ हाकांना वळली होती. जी विभक्त झाली, ती ३३ हाकांना. माझी वही मी गॉटमनसाहेबांना दाखवली नाही, हे बरंच झालं.

पण हाक घातलीच नाही तर समोरच्यानं काय ओळखायचं, हेही खरं. यात बायकोचाही वाटा होता, आणि तो तिनंच मला सांगितला. राग आला की ती आठ-आठ दिवस मौन धरायची. मला वाटायचं, भांडण मिटलं. आता आमचा एक करार आहे. राग आला तर गप्प होण्याऐवजी तिनं म्हणायचं, "आत्ता नको, जेवल्यावर बोलू." आणि मी मागं लागायचं नाही. टिकलीनं जांभई दिली की शिकवणं थांबवतो, तसंच. फरक एवढाच, की टिकलीच्या बाबतीत थांबलं तरी चालतं, इथं जेवल्यावर बोलायलाच लागतं. दुसरा करार असा, की चूक सांगायची तर त्यासाठी हाक मारून बोलवायचं नाही. आपण उठून तिथं जायचं. या नियमानं माझ्या निम्म्या तक्रारी जागच्या जागी मेल्या, कारण उठायचा कंटाळा येतो.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. मी अजून ओरडतो. गेल्याच महिन्यात ओरडलो. पूर्वी ओरडल्यानंतर मी बाहेर निघून जायचो. आता थोड्या वेळानं परत येतो आणि 'माझं चुकलं' म्हणतो. हे दोन शब्द कवितेत कधी आले नाहीत, घरात आले.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जिथं मारहाण आहे, धाक आहे, तिथल्या बाईला 'नवऱ्याशी नीट बोला' असा सल्ला मी देणार नाही. तिच्यासाठी २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. आणि मुक्या जनावराला मारणं हाही १९६० च्या कायद्यानं गुन्हाच आहे. वर्तमानपत्राची ती गुंडाळी मी हातात घेतली होती, हे मी विसरलेलो नाही. बायकोवर मी कधी हात उगारला नाही, याचा मला पूर्वी अभिमान होता. तिला तसा हात न उगारताही चौकटीत थांबायला लावता येतं, हे कळल्यापासून तो राहिला नाही.

हल्ली रोज सकाळी मी दहा सुया ओवतो. पांढरा, काळा, लाल, हिरवा, तिच्या कापडांप्रमाणे दोरे घालून मशीनवरच्या उशीत रांगेनं टोचून ठेवतो. उजव्या डोळ्यावर आणि बोटांच्या सवयीवर तिचं शिवणकाम चालू आहे. सुया तयार असल्या, तरी ती मधूनच हाक मारते, "जरा सुई ओवून देता का?" मी जातो. आता त्या हाकेचा अर्थ मला कळतो. तिला काहीतरी सांगायचं असतं.

परवाची गोष्ट. पडवीतून तिनं आवाज दिला, "ये!" उंबऱ्याशी पाय पसरून बसलेली टिकली धावत सुटली. आत मीही वही ठेवून उठलो आणि दारापर्यंत गेलो. मला बघून बायको हसायला लागली. म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना, एका शब्दाचे दोन अर्थ ठेवायचे नाहीत? तो शब्द तिचा. तुमच्यासाठी 'अहो' आहे."

मग म्हणाली, "आलाच आहात तर बसा."

मी तिच्या शेजारी, जरा तिरका, बसलो.